मराठी पीडीएफ, कॅप्चा, केवायसी : दिव्यांगांनी दाद कुठे मागायची?

जास्वंद
मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. पुण्यात राहते, राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करते. लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : हे स्क्रीन रीडर आहेत, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. इथले धागेही मी असेच ऐकते.

सध्या एका शिकवणीच्या नोट्सवरून अडलंय. पूर्ण फी भरली, नोट्स पीडीएफमध्ये आल्या. फाइल उघडली तर एनव्हीडीए भलतेच इंग्रजी आवाज काढायला लागला. पहिल्या ओळीतला एक शब्द अक्षर अक्षर तपासला, तर ई, जे, के, बी, एच. मैत्रिणीने डोळ्यांनी बघून सांगितलं, तिथे 'मराठी' लिहिलंय. संस्थेला कळवलं. उत्तर आलं, "ताई, आमच्याकडे फाइल व्यवस्थित दिसतेय, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष असेल." हेच मला शासकीय परिपत्रकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींत, जाहिरातींत, अर्जांतही भेटतं.

मला विचारायचं आहे ते असं : खाजगी संस्थेवर मी कायद्याने हक्क सांगू शकते का? सांगायचा तर कोणाकडे जायचं? आणि तुमच्यापैकी जे दिव्यांग आहेत किंवा ज्यांच्या घरात कोणी आहे, ते नेमकं कुठे अडतात?

मधुमालती
वाचतेय. मलाही उत्तरं हवी आहेत.

कोडवाला
जास्वंद, दोष तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. तुम्ही लिहिलेली पाच अक्षरं कृतिदेव फॉन्टची आहेत. तिथे म साठी ई, र साठी जे, कान्याला के, ठ ला बी, दुसऱ्या वेलांटीला एच. जुन्या टंकलेखन यंत्राच्या कळा जशाच्या तशा उचलल्या होत्या. म्हणजे फाइलमध्ये मराठी साठवलेलंच नसतं, रोमन अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. स्क्रीन रीडर खाली काय साठवलंय ते वाचतो. श्रीलिपी आणि डीव्हीटीटी या कुळातल्या फॉन्टांची सांकेतिक मांडणी वेगवेगळी, पण गोष्ट हीच.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तो वापरला की निम्मा प्रश्न सुटतो, निम्मा उरतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूरही पीडीएफ करताना बिघडू शकतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. आणि सही-शिक्का मारून स्कॅन केलं तर फाइलमध्ये अक्षरं उरतच नाहीत, नुसता फोटो.

डोळसांना करता येण्यासारखी तपासणी सोपी आहे. पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे नीट मराठी आलं नाही, तर तुमची फाइल दृष्टिहीन वाचकापर्यंत पोचलेली नाही.

निरंजन_७२
विषय महत्त्वाचा आहे, पण एक वेगळा मुद्दा मांडतो. आता फोनवरचं साधं ॲपही फोटोतला मजकूर ओळखून वाचून दाखवतं. मराठीही बऱ्यापैकी ओळखतं. मग प्रत्येक लहान संस्थेला, छापखान्याला, दुकानदाराला सगळं बदलायला लावण्यापेक्षा वाचणाऱ्याच्या हातात चांगलं साधन देणं जास्त व्यवहार्य नाही का? दोन खोल्यांत शिकवणी चालवणाऱ्याने हा खर्च कुठून करायचा?

जास्वंद
निरंजनदादा, ती ॲप्स मी रोज वापरते, त्यांच्याशिवाय चालत नाही हेही खरं. पण त्यांच्या भरवशावर परीक्षा देता येत नाही. कलम ३५६ चं ३५८ झालं तर मला कळणार कसं? ताडून बघायला मूळ पान मला दिसत नाही. तक्ता आला की सगळ्या रकान्यांचे आकडे एका ओळीत येतात, मग कोणता आकडा कोणत्या वर्षाचा ते समजत नाही. 'न' आणि 'त' मध्ये घोटाळा झाला तर वाक्य उलटं होतं.

आणि नोट्सचं सोडा, बँकेचं खातेपत्रक किंवा रक्ततपासणीचा अहवाल? तो वाचून घ्यायला मी माझी खाजगी माहिती दरवेळी कुठल्या तरी परक्या ॲपवर चढवायची? तुम्हाला तसं करावं लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर त्यांनी नोट्स संगणकावर टाइप केलेल्याच आहेत. मला ती मूळ वर्ड फाइल दिली असती, युनिकोडमध्ये असती, तर एक पैसा लागला नसता.

वकिलीण_नागपूर
कायद्याचं मी सांगते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, यात २१ आहेत. कलम ४० प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशा रचनेचे, नियम केंद्र सरकारने करायचे, आणि त्यात माहिती-तंत्रज्ञानही येतं. जास्वंदच्या कामाचं कलम आहे ४६. सेवा देणारा शासकीय असो वा खाजगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत त्याने आपली सेवा त्या नियमांप्रमाणे करायची. नियम निघाले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. शिकवणी ही सेवाच आहे. तेव्हा खाजगी संस्थेवर हक्क सांगता येतो का, याचं उत्तर हो असं आहे.

मग इतकी वर्षं काहीच का हललं नाही? एक मोठं कारण नियम १५ मध्ये होतं. त्यातली मानकं शिफारशीच्या स्वरूपाची आहेत, बंधनकारक नाहीत, असा पवित्रा घ्यायला जागा होती. राजीव रतुरी हे स्वतः दृष्टिबाधित. त्यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने सांगितलं की नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत आहे, कारण कायदा सक्ती करतो आणि नियम ती सैल करतो. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असा आदेश केंद्राला दिला. माझ्या मते या क्षेत्रातला हा सगळ्यात मोलाचा निकाल आहे, आणि वकिलांतसुद्धा तो फार कमी जणांनी वाचलाय.

दाद कुठे मागायची : शासकीय आस्थापना असेल तर कलम २३ प्रमाणे तिथे तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा. आधी त्याच्याकडे. खाजगी असेल तर थेट राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं या बाबतीत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ खाली पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

आणखी एक, हे फारच कमी लोकांना माहीत असतं. माहितीच्या अधिकारात मिळणारी कागदपत्रं दृष्टिहीन अर्जदाराला वाचता यावीत यासाठी मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. २००५ च्या कायद्याचं कलम ७(४). अर्जातच ते कलम लिहायचं.

मधुमालती
७(४) लिहून ठेवलं! वकिलीणबाई, हे सोन्यासारखं आहे.

आजोबा_डोंबिवली
वय ७८. डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजलाय, कडेचं दिसतं. मी स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नाही, प्रमाणपत्रही काढलेलं नाही. पण जास्वंदताईंच्या धाग्यात मी बसतो असं वाटतं.

माझी अडचण फिकट अक्षरं. पांढऱ्यावर करडं लिहायची कसली हौस आली आहे सगळ्यांना? दुसरी अडचण ओटीपी. तो येतो फोनवर, भरायचा संगणकावर, भिंग शोधून आकडे वाचेपर्यंत वेळ संपतो. मग सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. निवृत्तिवेतनाच्या कामात हे झालं की दिवस वाया जातो.

नातवाने फोनमध्ये टॉकबॅक लावून दिलंय. सवय झाल्यावर मी वेग वाढवत नेला. परवा शेजारचे जोशी विचारत होते, "कोणत्या भाषेतल्या बातम्या ऐकता हो?" मी म्हटलं, मराठीच, फक्त एक्स्प्रेस गाडीतल्या.

कोडवाला
आजोबा, एक नंबर!

तुमच्या दोन्ही अडचणींवर उत्तरं लिहून ठेवलेली आहेत. डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पहिल्यांदा १९९९ मध्ये आली, सध्याची २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं, हे त्यात आहे. वेळेची मर्यादा घातली तर ती वाढवून घ्यायची सोय हवी, हेही आहे. भारताचं स्वतःचं मानक आयएस १७८०२ आहे, शासकीय संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तेव्हा काय करायचं ते कळत नाही अशी सबब उरलेली नाही. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो : कामाच्या यादीत सुगम्यता नेहमी शेवटी असते, आणि तारीख जवळ आली की शेवटचं पहिलं गळतं. ग्राहकाने करारात लिहून मागितलं तरच ती वर येते.

सुईदोरा
माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बारावीत आहे, हुशार आहे. बोटं हवी तिथे टेकत नाहीत, म्हणून तो एका मोठ्या बटणाने फोन चालवतो. अँड्रॉइडमध्ये स्विच ॲक्सेस म्हणून सोय आहे, पडद्यावरच्या गोष्टींवरून चौकट सरकत जाते आणि हवं तिथे त्याने बटण दाबायचं.

आम्ही अडतो ते चित्रं ओढून जोडायच्या कॅप्चाला. 'कोडं सोडवून तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.' तो तिथे थांबतो आणि माझ्याकडे बघतो. मी करून देते. पण सतरा वर्षांच्या मुलाला आपला अर्ज आईच्या हाताशिवाय भरावासा वाटणार नाही का?

निरंजन_७२
सुईदोरा, तुमचं वाचून थांबलो. पण मी बँकिंगमध्ये आयुष्य काढलंय, म्हणून विचारतो. कॅप्चा काढला तर बनावट नोंदणीचा पूर येतो. सुरक्षितता सोडून सोय कशी द्यायची? केवायसीचंही तेच. समोरचा माणूस जिवंत आहे, फोटो दाखवत नाहीये, हे तपासायला नको?

वकिलीण_नागपूर
निरंजन, नेमक्या याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, ३० एप्रिल २०२५ चा. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांचं खंडपीठ. दोन याचिका होत्या. एक प्रज्ञा प्रसून यांची. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जायबंदी झालेल्यांना डिजिटल केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडायला सांगतात. ज्यांना पापणीच हलवता येत नाही त्यांनी काय करायचं? दुसरी अमर जैन यांची, ते शंभर टक्के दृष्टिहीन आहेत आणि स्वतः वकील आहेत. कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा नीट बसवा, असं पडदा सांगतो, बोलून काहीच सांगत नाही.

न्यायालयाने तपासणी बंद करा असं म्हटलेलं नाही. तपासणीचे इतर मार्गही द्या असं म्हटलं. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून २० निर्देश दिले. सुरक्षितता राहील आणि माणूसही बाहेर राहणार नाही, अशी रचना करणं ही बँकेची जबाबदारी. ग्राहकाने आपली पापणी सुधारून आणायची नाही.

शांतगल्ली
मी कर्णबधिर आहे. धागा दृष्टीवर आहे, पण माझंही लिहितो.

बँक म्हणते, खात्री करण्यासाठी फोन करू. मी लिहून कळवतो की मला ऐकू येत नाही. उत्तर येतं, तरीही नियमाप्रमाणे फोनच करावा लागेल. मग भावाला माझ्या नावाने बोलायला लावतो. हे मला अजिबात आवडत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही ते बरोबर नाही, पण दुसरा रस्ता ठेवलेलाच नसतो. साध्या चॅटने किंवा शाखेतल्या ईमेलने हे काम होऊ शकतं.

व्हिडिओंना शीर्षकपट्ट्या (सबटायटल्स) नसतात, असल्या तर यंत्राने लावलेल्या. मराठी भाषणात यंत्र नावं, गावं, आकडे सगळं चुकवतं. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्यांना लांबलचक लिखित मराठीही परकी पडते. त्यांना सांकेतिक भाषेतला दुभाषी हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात काम चालवलं. ते चित्रीकरण आमच्या गटात प्रत्येकाने पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथे होऊ शकतं, तर तहसील कार्यालयाच्या माहितीच्या व्हिडिओत का नाही?

पणजीकर
शांतगल्ली, गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा मी स्वयंसेवक होतो. व्यासपीठावर सांकेतिक भाषेचे दुभाषी होते. सुरुवातीला प्रेक्षक त्यांच्याकडे कुतूहलाने बघत होते, मग कोणाचं लक्षही जाईना, इतकं ते अंगवळणी पडलं. असं रोजच्या कार्यक्रमांत व्हायला हवं असं तेव्हापासून मनात आहे.

राइनकाठी
जर्मनीतून लिहितेय. निरंजन यांच्या खर्चाच्या मुद्द्यावर इथलं सांगते. युरोपीय महासंघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. बँका, ऑनलाइन दुकानं, ई-पुस्तकं, तिकीट यंत्रं सगळी त्यात येतात, खाजगीसुद्धा. पण सेवा देणाऱ्या अगदी लहान उद्योगांना, म्हणजे दहापेक्षा कमी माणसं आणि २० लाख युरोपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना, सूट आहे. म्हणजे लहान दुकानदाराची काळजी घेऊनही मोठ्यांवर सक्ती करता येते.

आणि एक सावधगिरी. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एक बटण बसवून 'आमचं स्थळ आपोआप सुगम्य झालं' असं सांगणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहा. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशाच दाव्यांबद्दल ॲक्सेसिबी कंपनीवर दहा लाख डॉलरची कारवाई जाहीर केली. मूळ पान बिघडलेलं असेल तर वरून बसवलेलं बटण ते दुरुस्त करू शकत नाही.

मधुमालती
थोडं विषयांतर. आपण घरगुती गटांत काय करतो? लग्नपत्रिका फोटोत, निधनवार्ता फोटोत, सोसायटीची पाणीबंदीची सूचनासुद्धा रंगीत फोटोत. जास्वंद, तुला यातलं काय कळतं?

जास्वंद
'चित्र' एवढंच कळतं. मग मी विचारते, काय आहे? कोणी सांगतं, कोणी विसरतं. खाली दोन ओळी टाइप केल्या की काम झालं. कोण, कुठे, कधी. आणि नमस्काराचे हात एकदाच जोडा! स्क्रीन रीडर काही वेळा ते सगळे एकेक करून वाचतो. वाढदिवसाच्या दिवशी केक, फुगे, केक, फुगे ऐकत बसावं लागतं.

आजोबा_डोंबिवली
सोसायटीच्या गटात आजपासून मी स्वतः सूचना टाइप करणार. सचिव मीच आहे.

खिळेजुळारी
अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम करतो, बरीच वर्षं. आमची बाजू सांगतो. जुने फॉन्ट आम्ही हट्टाने धरून बसलेलो नाही. लेखकांच्या जुन्या फाइली त्यात आहेत, पुढची आवृत्ती काढायची तर तीच फाइल उघडायची. बऱ्याच ठिकाणी अजून पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं, त्याला युनिकोड समजतच नाही. छापखान्याला कागदावर सुंदर अक्षर हवं, फाइलच्या आत काय आहे ते कोणी विचारत नाही. आजवर एकाही ग्राहकाने मला 'स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी फाइल द्या' म्हटलेलं नाही. म्हटलं तर देतो. इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडने काम होतं, जुना मजकूर बदलायला परिवर्तकही आहेत. मात्र नंतर मुद्रितशोधन करावंच लागतं, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

जास्वंदताई, तुमच्या नोट्समधलं एक प्रकरण मला पाठवा. बदलून देतो.

जास्वंद
खिळेजुळारी, मनापासून आभार. पण संस्थेची परवानगी नसताना पाठवलं तर स्वामित्वहक्काचं काय? त्यांनी पहिल्या पानावर मोठी ताकीद छापली आहे म्हणे.

वकिलीण_नागपूर
बिनधास्त पाठव. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली कलम ५२(१)(झेडबी) घातलं गेलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात साहित्य रूपांतरित करायला परवानगी लागत नाही, तिने वाचण्यासाठी आणि नफ्याशिवाय असेल तर. पुढे दृष्टिहीनांना पुस्तकं वाचता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला, २०१४ मध्ये. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही याच पायावर चालतं. फक्त ती फाइल इतरांना वाटू नकोस.

पण त्यामुळे तक्रार सोडू नकोस. एकाने सद्भावनेने रूपांतर करून दिलं तर तुझी अडचण सुटेल, पुढच्या तुकडीतल्या मुलाची नाही. संस्थेला लेखी पत्र दे, ईमेलने. कोणती फाइल, काय अडलं, काय हवंय, म्हणजे युनिकोड वर्ड किंवा नीट टॅग केलेली (शीर्षक, परिच्छेद, तक्ता कुठे ते आतून नोंदवलेली) पीडीएफ, आणि किती दिवसांत. कलम ४६ चा उल्लेख कर. उत्तर आलं नाही तर तेच पत्र जोडून आयुक्तांकडे अर्ज. सोबत दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डाची प्रत आणि फी भरल्याची पावती.

निरंजन_७२
खर्चाबद्दलचं माझं मत राइनकाठींच्या प्रतिसादानंतर बदललं. लहानांना सवलत, मोठ्यांना सक्ती, हे पटतं. मात्र शिकवणीने मूळ फाइल देण्यात खर्च नाही, तेव्हा तिथे लहान-मोठं हा प्रश्नच नाही. जास्वंद, पत्राचा मसुदा करायला मदत लागली तर व्यक्तिगत निरोप करा. बँकेत पत्रव्यवहार हेच काम होतं माझं.

जास्वंद
निरंजनदादा, नक्की. मसुदा आज रात्री पाठवते. कलम ४६ आणि रतुरी निकाल दोन्ही घालते. मोठ्या ताकदीच्या वकिलीणबाई पाठीशी आहेत म्हटल्यावर भीती कमी झाली.

खिळेजुळारी, राज्यघटनेचं प्रकरण पाठवलंय. तक्ते जास्त आहेत त्यात.

खिळेजुळारी
मिळालं. फॉन्ट कृतिदेवच आहे, तक्ते मात्र चित्र म्हणून चिकटवलेत, ते नव्याने टाइप करावे लागतील. तक्त्यात पहिली ओळ शीर्षकाची म्हणून ठरवून देऊ का? म्हणजे तुमचा स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव सांगेल?

कोडवाला
हो, तसंच करा. वर्डमध्ये 'हेडर रो' ठरवा, रकाने एकत्र जोडू नका. पीडीएफ काढताना 'प्रिंट' वापरू नका, 'सेव्ह ॲज' वापरा आणि पर्यायांत सुगम्यतेच्या टॅगवर खूण असू द्या.

समईवात
उशिरा येतेय. आमच्या गावच्या वाचनालयाकडे जुन्या स्मरणिकांच्या डीव्हीटीटी-सुरेखमधल्या फाइली आहेत. त्याही बदलता येतील का?

खिळेजुळारी
येतील. आधी दोन पानं पाठवा, कोणती आवृत्ती आहे ते बघतो. आणि मुद्रितशोधनाला तुमच्याकडचं एक माणूस लागेल, गावांची आणि माणसांची नावं मला कळणार नाहीत.